कितव्या बटणावर लागायचं? परभणीच्या गाण्यांच्या चॅनलवरच्या माहितीपटाच्या नोंदी

३ जून २०२३

विषय पक्का झाला. सेट-टॉप बॉक्स यायच्या आधी परभणीच्या केबलवर गाण्यांचं एक स्वतःचं चॅनल होतं. ते जेमतेम तीन-चार वर्षं चाललं. सिनेमातली गाणी तर त्यावर लागायचीच, पण संध्याकाळी पाऊण तास फक्त आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी गायलेली आणि इथंच चित्रित केलेली गाणी असायची. भीमगीतं, आराध्यांची गाणी, संबळावरचा गोंधळ, कव्वाली, होळीच्या आसपास बंजारा तांड्यांवरची लेंगी. मागं येलदरीचं धरण, चारठाण्याची जुनी देवळं, गंगाखेडचा गोदाकाठ नाहीतर कृषी विद्यापीठातली झाडी.

फिल्म या पाऊण तासाबद्दल आहे. उरलेल्या वेळात जे लागायचं ते गावोगावच्या केबलवर लागतच होतं.

चॅनलचं आणि माणसांचं नाव या नोंदींत लिहीत नाही. चॅनल चालवणाऱ्या काकांनी तशी विनंती केली आहे आणि ती मला मान्य आहे. फिल्ममध्ये कोणाचं नाव द्यायचं ते त्या-त्या माणसाला विचारून ठरवू. कॅमेरा मावसभाऊ करणार, संकलन छत्रपती संभाजीनगरची मैत्रीण. निवेदकाचा आवाज ठेवायचा नाही, हेही आजच ठरलं.

११ जून

काकांची पहिली मुलाखत, त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत. ही खोली म्हणजेच चॅनलची कंट्रोल रूम. आता तिथं पापडाची लाटणी आणि कूलर ठेवलेत, पण भिंतीवर रॅकच्या खिळ्यांच्या खुणा आहेत आणि खिडकीच्या चौकटीत केबल बाहेर काढायची भोकं तशीच आहेत. मावसभावानं आधी ती भोकंच शूट केली.

काकांनी सगळी मांडणी हातानं हवेत रेखून सांगितली. गच्चीवर डिश, प्रत्येक चॅनलला एक रिसिव्हर आणि एक मॉड्युलेटर (चॅनलला केबलवर त्याच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर बसवणारं यंत्र), सगळ्यांचा सिग्नल कंबाइनरमध्ये एकत्र, तिथून जाड केबल रस्त्यावर. स्वतःचं चॅनल काढायला वेगळं काही लागलंच नाही. एका मॉड्युलेटरला डिशऐवजी व्हीसीआर आणि सीडी प्लेयर जोडला की गावाला चॅनल मिळालं. एवढं सोपं होतं म्हणूनच ते कुणालाही सुचू शकलं, आणि काकांनी ते केलं.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर गावोगाव डिश लागल्या, १९९२ ला हिंदीतलं पहिलं खाजगी उपग्रह चॅनल आलं, १९९५ ला केबलचा कायदा झाला आणि केबलवाल्यांना हेड पोस्ट ऑफिसात नोंदणी करावी लागू लागली. तेव्हा नोंदणी बारा महिन्यांची असायची, दरवर्षी पुन्हा करायची. काकांनी ते नोंदणीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेत. कॅमेऱ्यासमोर एकेक काढून दाखवताना म्हणाले, "लोकं म्हणायचे केबलवाला म्हणजे चोरीचा धंदा. हे बघा, हे काय चोराचे कागद हायत का?"

हे वाक्य फिल्ममध्ये राहणार.

१८ जून

नानलपेठ, स्टेशन रोड, वसमत रोड. रस्त्यावर लोकांना एकच प्रश्न विचारला: ते चॅनल कितव्या बटणावर लागायचं?

उत्तरं: सात. नऊ. अकरा. तेवीस. "रिमोटवर लागतच नव्हतं, सर्चला टाकावं लागायचं." एका आजोबांनी थेट सांगितलं, "सातच. शप्पत. साताच्या बटणाचा रंग उडला होता आमच्या टीव्हीचा."

प्रत्येकाला आपल्याच आकड्याची खात्री. विसरलेला माणूस "असेल बाबा सात-आठ" म्हणतो, तसं कुणी म्हटलं नाही. हे लक्षात ठेवायचं.

२ जुलै

कॅसेटी सापडल्या. लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करणारे एक भाई आहेत, चॅनलवरची बरीचशी गाणी त्यांनीच काढलेली. त्यांच्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर दोन लोखंडी पेट्या. व्हीएचएस, मिनी डीव्ही आणि प्लॅस्टिकच्या डब्यांत व्हीसीडी. भाई म्हणाले, "बेटा, शादी की कॅसेट तो लोगां ले जाते, ये किसीने मांगीच नहीं."

लेबलांवर गाण्याचं नाव क्वचितच. बहुतेकांवर गायकाचं गाव: बोरी, झरी, दैठणा, पेडगाव, मानवत. काहींवर नुसतं "संबळ पार्टी", "तांडा", "उरूस रात्र दुसरी". परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो, त्यातली ही रात्र. ती कॅसेट हातात घेतल्यावर मी पेटी पुढं बघणं थांबवलं आणि भाईंना तिथंच बसवून त्या रात्रीबद्दल विचारलं. दोन कॅमेरे, एक भाईंचा, एक भाड्यानं सेलूहून आणलेला. दुसऱ्या कॅमेऱ्याची बॅटरी पहाटेपर्यंत टिकावी म्हणून चहाच्या टपरीवरून वायर ओढलेली. कव्वालांच्या पार्टीनं पैसे घेतले नाहीत, पण एक अट घातली: गाणं मधे कापायचं नाही. ते कापलं नव्हतं. चॅनलवर ती रात्र सलग लागली.

५ ते २२ जुलै

पावसाची हवा, आणि कॅसेटींना बुरशी. व्हीएचएसच्या काचेतून बघितलं तर रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर ती भुकटी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीचंही नुकसान होतं. म्हणून क्रम असा ठेवला: हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर कॅसेट उभी ठेवून वाळवायची, मग कवच उघडून भुकटी काढायची, एकदा हळू पुढं-मागं फिरवायची, आणि मगच चालवायची. व्हीसीआरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ चामड्यानं पुसायचं, आडवं पुसायचं. वर-खाली घासलं की हेडची टोकं तुटतात. कापसाची काडी तर वापरायचीच नाही, तंतू अडकतात.

नवीन व्हीसीआर आता मिळत नाही. जगात ते बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ ला थांबली. आमचा व्हीसीआर एका निवृत्त मास्तरांकडून आलाय, रबरं बदलून चालू केला.

व्हीएचएसवर जेमतेम २४० रेषांइतका बारकावा असतो. तरी फाइल दाबून लहान करायची नाही, यावर मी आणि संकलक दोघंही ठाम आहोत. एफएफव्ही१ या व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत, काही न गमावता, तासाला साधारण ३० जीबी. मिनी डीव्ही फायरवायर केबलनं जशीच्या तशी उतरते, तासाला १३ जीबी. व्हीसीडी सगळ्यांत गरीब, ३५२ बाय २८८. पण काही गाणी फक्त व्हीसीडीवरच उरली आहेत. चौकटी-चौकटी दिसल्या तर दिसू दे. गाणाऱ्याचं तोंड ओळखू येतंय.

३० जुलै

उतरवलेलं पहिल्यांदा सलग बघितलं. भाईंच्या मिक्सिंगमध्ये गुलाबाची फुलं फिरतात, पडदा पानासारखा उलटतो, गायकाच्या दोन प्रतिमा शेजारी-शेजारी येतात. संकलकाला आधी हे सगळं काढून मूळ शॉट शोधायचे होते. मी नाही म्हटलं. गाव तेव्हा आपलं गाणं अशाच रूपात बघत होतं, आणि हे रूप भाईंनी विचार करून दिलेलं आहे. आराधीण बाईंच्या गाण्यात परडी वर उचलली जाते नेमकं त्या ठेक्याला त्यांनी फूल आणलंय. कान असल्याशिवाय हे होत नाही.

१३ ऑगस्ट

चॅनल नक्की कोणत्या काळात चाललं? काका म्हणतात २००३ ते २००८. भाई म्हणतात एवढं चाललंच नाही. कॅसेटींवर तारखा नाहीत. पण गाण्यांच्या खाली जी पट्टी सरकायची ती काही कॅसेटींत रेकॉर्ड झाली आहे, कारण काका चालू प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग घरी टीव्हीवरून करायचे. आज दिवसभर पट्ट्याच वाचल्या.

एका पट्टीत किराणा दुकानदाराच्या "दिवाळी व रमजान ईदच्या" शुभेच्छा एकत्र आहेत. ईद-उल-फित्र दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकते, त्यामुळं ती दिवाळीला अगदी खेटून आली ती २००४, २००५ आणि २००६ या तीनच वर्षी. त्याच पट्टीत पुढं येतं: "मंगळवारी लक्ष्मीपूजनामुळे फर्माईश बंद राहील." २००४ ला लक्ष्मीपूजन शुक्रवारी होतं, २००६ ला शनिवारी. मंगळवार येतो तो १ नोव्हेंबर २००५ ला. ही कॅसेट त्या आठवड्यातली.

दुसरी पट्टी धम्मचक्र प्रवर्तनाच्या सुवर्णमहोत्सवाच्या अभिवादनाची, म्हणजे २००६ चा दसरा. त्या रेकॉर्डिंगमध्ये भीमगीतांमागून भीमगीतं आहेत, मधे सिनेमाचं एकही गाणं नाही. काकांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, त्या आठवड्यात गावानंच चॅनल चालवलं, मी फक्त कॅसेट घालत होतो.

तिसरी, सगळ्यांत शेवटची: "विश्वचषक सामन्यांमुळे फर्माईश दुपारी." वेस्ट इंडिजमधला विश्वचषक, मार्च-एप्रिल २००७. सामने आपल्याकडे संध्याकाळी सुरू व्हायचे. यानंतरची एकही पट्टी मिळालेली नाही.

यावरून एक गोष्ट सरळ निकालात निघते. गावात जो-तो सांगतो की सेट-टॉप बॉक्स आले आणि चॅनल बंद पडलं. बॉक्सची सक्ती मुंबई-दिल्लीला २०१२ ला झाली, औरंगाबादचा नंबर दुसऱ्या टप्प्यात २०१३ ला लागला, आणि परभणीसारखी शहरं तिसऱ्या टप्प्यात, त्याच्याही नंतर. तोवर आपलं चॅनल जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मग ते कशानं गेलं?

२० ऑगस्ट

पाऊस पूर्ण गायब आहे. मावसभाऊ शेतावर अडकलाय, सोयाबीन वाचवायची धडपड. शूटिंग पुढं ढकललं.

२७ ऑगस्ट

जिंतूरला ताईंकडे. फर्माईशचा कार्यक्रम त्या सादर करायच्या. तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होत्या, आता शाळेत शिकवतात.

चेहरा दाखवायचा नाही, असं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. समोर बसल्यावर कारण सांगितलं. वडिलांनी परवानगी दिली होती ती फक्त आवाजाची. चॅनलवरही त्या कधी दिसल्या नाहीत. पडद्यावर फुलदाणीचं चित्र आणि मागून त्यांचा आवाज. नाव घ्यायचं नाही, ही दुसरी अट. तरी गावानं ओळखलं. बाजारात भाजीवाल्या मावशींनी आवाजावरून विचारलं, "तूच का गं ती फर्माईशवाली?" आणि एक जुडी मेथी जास्त घातली.

फर्माईशी पोस्टकार्डावर यायच्या. लँडलाइनवरूनही यायच्या, पण ताईंना कार्डं आवडायची, कारण त्यात गाण्याशिवाय माणसं घरचं लिहायची. पोरीचं लग्न ठरलं, भाऊ ऊसतोडीवरून परत आला, आई दवाखान्यातून घरी आली. ऊसतोडीला गेलेल्या घरांतून कार्डं यायची बंद व्हायची ती दिवाळीनंतर, आणि पुन्हा सुरू व्हायची उन्हाळ्यात. "मला कॅलेंडर बघावं लागायचं नाही," ताई म्हणाल्या.

त्यांनी चाळीसेक कार्डं ठेवली आहेत. वाचून दाखवाल का, असं विचारलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून मागच्या खोलीचं दार लावून घेतलं, पंखा बंद केला आणि माइकला तोंड जवळ नेऊन त्याच जुन्या सुरात पहिलं कार्ड वाचलं. मावसभावानं आपणहून कॅमेरा खाली घेतला आणि त्यांच्या हातातल्या कार्डावर धरला.

फिल्मचा कणा इथं आहे. निवेदक नको म्हणालो होतो, त्याची जागा ताईंच्या आवाजानं घेतली. कार्डांवरची नावं-पत्ते मात्र वाचायचे नाहीत, फक्त गावाचं नाव आणि मजकूर. ताईंचंही तेच म्हणणं होतं.

१० सप्टेंबर

बटणाचं कोडं सुटलं, आणि त्याबरोबर चॅनल का गेलं तेही. हे नीट लिहून ठेवतो.

काकांकडे लाईनमन म्हणून काम केलेले मामा आता बोरवेलच्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांना मी तोच प्रश्न विचारला, कितव्या बटणावर? ते म्हणाले, "कोणत्या साली विचारायलाव?"

मग त्यांनी जमिनीवर काडीनं रेघ ओढली. जुन्या केबलमध्ये प्रत्येक चॅनलला स्वतःची फ्रिक्वेन्सी लागते, सात-आठ मेगाहर्ट्झची एक पट्टी. खालच्या पट्ट्या मोजक्याच. आणि जुन्या टीव्हीला वरच्या पट्ट्या पकडताच यायच्या नाहीत. आठ नाहीतर बारा बटणं, झाकणामागच्या बारक्या चाकांनी जुळवलेली. शिवाय केबलमधून जाताना वरची फ्रिक्वेन्सी जास्त मरते. म्हणजे खालची जागा सोन्याची: सगळ्या टीव्हींवर दिसणार, लाईनच्या शेवटच्या घरातही स्वच्छ दिसणार. मोठी चॅनलं या जागेसाठी केबलच्या धंद्यात पैसे मोजत होती.

आपलं चॅनल सुरू झालं तेव्हा खाली जागा रिकामी होती. ते सातावर होतं. नवी चॅनलं आली तसं ते नवावर गेलं, मग अकरावर. पुढं काकांनी स्वतःच्या डिशऐवजी बाहेरच्या एका मोठ्या केबल कंपनीचा फीड, म्हणजे तयार सिग्नल, घेतला, आणि कोणतं चॅनल कुठं बसवायचं हे परभणीत ठरेनासं झालं. विश्वचषकाच्या वेळी अकराची जागा सामने दाखवणाऱ्या चॅनलला गेली. भारत पहिल्याच फेरीत बाहेर पडला, स्पर्धाही संपली, जागा परत मिळाली नाही. चॅनल तेविसाव्याला टाकलं, मग त्याच्याही वर.

"वर गेलं की लाईनच्या शेवटाला नुसत्या मुंग्या," मामा म्हणाले. "झोपडपट्टीत, तांड्यावर, जिथली माणसं गात होती तिथंच दिसंना झालं."

म्हणजे सात म्हणणारे आजोबा, अकरा म्हणणारी बाई आणि सर्चला टाकावं लागायचं म्हणणारा पोरगा, तिघंही बरोबर. ज्यानं ज्या साली शेवटचं मन लावून बघितलं, त्या सालचं बटण त्याच्या लक्षात राहिलं. १८ जूनची सगळी उत्तरं आता फिल्ममध्ये या क्रमानं लागतील: सात, नऊ, अकरा, तेवीस, आणि शेवटी सर्च.

भारनियमनाचाही यात हात आहे, मामांनी तेही दाखवलं. खांबावरच्या अँपला, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या पेटीला, वीज मिळायची कुणाच्या तरी घरच्या मीटरवरून. त्या गल्लीची लाईट गेली की पुढच्या सगळ्या गल्ल्यांची केबल बंद, मग त्यांच्याकडे लाईट असो वा नसो. भाई मेमरी कार्डाला दोष देतात: गाणी मोबाइलवर आली, लोकांनी टीव्हीपुढं बसणं सोडलं. दोन्ही कारणं खरी आहेत, पण माझ्या मते ती नंतरची. लोक उठून गेले नव्हते. त्यांच्यासमोरून चॅनल वर-वर सरकवलं गेलं. काकांना हे विचारणं अवघड होतं, तरी विचारलं. त्यांनी उत्तर टाळलं नाही. वसुली होत नव्हती, दोन पोरं शिकत होती, फीड घेतला नसता तर लाईनच विकावी लागली असती. हे संपूर्ण उत्तर न कापता ठेवायचं.

१७ सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, अमृतमहोत्सवी सांगतेची झेंडावंदनं. शूटिंग नाही. जुन्या करमणूक कर नोंदींसाठी जो माहिती अधिकाराचा अर्ज टाकला होता त्याचं उत्तर आलं: त्या काळातले अभिलेख मुदत संपल्यामुळे नष्ट केलेले आहेत. गच्चीवरच्या कागदांची पिशवी आता आणखी महत्त्वाची. सगळे स्कॅन केले.

८ ऑक्टोबर

हक्कांचा प्रश्न. सिनेमाची गाणी वापरायची नाहीत, हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांचा कॉपीराइट ६० वर्षांचा, आणि काकांनीही ती गाणी परवाना घेऊन लावली नव्हती. प्रश्न स्थानिक गाण्यांचा. ती कुणाची? वकील मैत्रिणीनं १९५७ च्या कायद्याचं कलम १७ काढून दाखवलं: एखाद्यानं मोबदला देऊन चित्रीकरण करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. भाईंना पैसे गायकांनी दिले होते. कुणी रोख, कुणी ज्वारीचं पोतं. म्हणजे ही गाणी गायकांची आहेत, आणि शिवाय सादरकर्ता म्हणून त्यांचा हक्क ५० वर्षांचा.

मला हे फार बरं वाटलं. आता प्रत्येक गाण्यासाठी त्या माणसाच्या किंवा त्याच्या वारसांच्या घरी जायचं, गाणं दाखवायचं, एक प्रत द्यायची आणि मगच सही मागायची. जिथं नाही म्हणतील तिथलं गाणं फिल्ममध्ये नाही.

१५ ऑक्टोबर

आज घटस्थापना. बोरीच्या गोंधळी कुटुंबाकडे गेलो. गाणारे आजोबा वारले. त्यांचा मुलगा संबळ वाजवतो, नातू अकरावीला. लॅपटॉपवर गाणं लावलं. मुलानं चित्राकडे बघितलंच नाही, डोळे मिटून संबळ ऐकलं आणि म्हणाला, "आता ही चाल आम्ही अशी वाजवत नाही. हे बाबांचं आहे. हे मला पुन्हा पाहिजे." नातवानं तिथंच मोबाइलवर घेतलं. सही मिळाली, पण त्याहून मोठं काम त्या घरात आधीच झालेलं होतं.

२९ ऑक्टोबर

भंगारवाल्याकडून चालू पिक्चर ट्यूबचा टीव्ही मिळाला, झाकणामागं चाकं असलेला, बारा बटणांचा. जुनी गाणी त्यावर लावून पडदा शूट करायचा. टीव्ही सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवतो, म्हणून कॅमेरा २५ फ्रेमवर आणि शटर १/५० ला ठेवलं. नाहीतर काळे पट्टे फिरतात. खोलीतले दिवे बंद. मामांनी स्वतः मागची चाकं फिरवून गाणं साताच्या बटणावर आणलं, मग जुन्या मॉड्युलेटरवरून सिग्नल कमी-कमी करत मुंग्या आणल्या. संगणकावर मुंग्या घालता आल्या असत्या. मामांच्या हातानं आलेल्या पाहिजे होत्या.

१९ नोव्हेंबर

पहिलं जोडकाम बघितलं. एक तास दहा मिनिटं. उरुसाची कव्वाली सोळा मिनिटं आहे आणि संकलक म्हणते ती पाचवर आणा. कव्वालांच्या पार्टीची तेव्हाची अट मी तिला पुन्हा सांगितली. आम्ही ती सलगच ठेवतोय. त्याऐवजी केबलच्या कायद्याचा भाग दोन मिनिटांवर आणला आणि माझी कृषी विद्यापीठातली सगळी झाडं काढली.

अजून राहिलंय: तांड्यावरची लेंगी गाणाऱ्या बाया. त्यांची घरं कारखान्यावर ऊसतोडीला गेली आहेत, उन्हाळ्याशिवाय परत येणार नाहीत, आणि त्यांच्या सहीशिवाय ते गाणं जाणार नाही. म्हणजे फिल्म मे महिन्यापर्यंत थांबणार. तोवर आवाजाचं काम उरकायचं, आणि मामा म्हणतात त्याप्रमाणे गंगाखेडच्या लाईनवरही हे चॅनल काही महिने गेलं होतं का, ते तिथल्या केबलवाल्यांना विचारून घ्यायचं.